मागं अजून एक आहे

पौषातल्या संकष्टीला थेऊरला गेले होते. चिंतामणीचं दर्शन घेतलं, देवळाबाहेर फुटाणे घेतले आणि रिक्षानं थेऊर फाट्यावर उतरले तेव्हा सहा वाजून गेले होते. थंडीतली ती वेळ फसवी असते. आभाळात अजून उजेड असतो, पण खाली रस्त्यावरचं सगळं एकाच राखाडी रंगाचं झालेलं असतं. मला रस्ता ओलांडून हडपसरची बस धरायची होती, म्हणून कोपऱ्यावर उभी होते. शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी स्कूटी घेऊन थांबलेली. थेऊरकडून उसाचा ट्रॅक्टर आला आणि यवतच्या दिशेला, म्हणजे आमच्याच कोपऱ्यावरून, डावीकडे वळायला लागला. ट्रॅक्टर गेला, मागून ट्रॉली गेली. ट्रॉलीच्या बाहेर आलेली उसाची टोकं स्कूटीच्या आरशाला घासून गेली, तशी मुलीनं मान मागे घेतली. ट्रॉलीचं मागचं टोक पुढे सरकलेलं दिसताच तिनं रेस दिली. तेवढ्यात माझ्या हातानं तिच्या स्कूटीमागचं कॅरिअर गच्च धरलं. स्कूटी जागेवरच हिसका खाऊन थांबली. मुलगी पाय टेकवून मागे वळली आणि माझ्यावर ओरडली, "ओ काकू, काय करताय? पडले असते ना मी!" ती माझ्याकडे बघत असतानाच तिच्या पाठीमागून दुसरी ट्रॉली गेली. पहिलीपेक्षा चांगली दीड-दोन हात आत घुसून, जिथं तिचं पुढचं चाक गेलं असतं नेमकी तिथून. मुलीनं परत पुढे पाहिलं तोवर रस्ता मोकळा होता. ती "काय बाई आहे" असं काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली.

मागं अजून एक आहे. हे चार शब्द मला तेव्हा तोंडातून काढता आले नाहीत.

बसमध्ये बसल्यावर तळहात पाहिला तर कॅरिअरच्या लोखंडी दांडीचा आडवा वळ उठलेला होता. लोणी, मांजरी, पंधरा नंबर, सगळे थांबे येऊन गेले आणि मी तो वळच बघत होते. मुलीचा राग मला लागला नव्हता. कुणी अनोळखी बाईनं माझी गाडी मागून खेचली असती तर मीही तशीच बोलले असते. सलत होतं ते वेगळंच. त्या मुलीला आजही माहीत नाही की दुसरी ट्रॉली होती. उद्या दुसऱ्या फाट्यावर, दुसऱ्या ट्रॅक्टरशेजारी ती पुन्हा तशीच उभी राहील, पहिली ट्रॉली गेली की पुन्हा तशीच रेस देईल, आणि तेव्हा तिथं मी नसेन. मी तिचा हात वाचवला, पाय वाचवला, काय वाचवलं असेल ते असो, पण तिला सांगितलं काहीच नाही. माझ्या हाताला ते आधी कळलं होतं, डोक्याला नंतर कळलं आणि जिभेपर्यंत ते पोचलंच नाही.

हाताला कळलं ते आप्पांमुळे. माझ्या वडिलांनी २२ हंगाम उसाचा ट्रॅक्टर चालवला. आमचं गाव दौंड तालुक्यात, केडगावच्या अलीकडे. खडकवासल्याचं पाणी पुणं ओलांडून कालव्यानं आमच्याकडे येतं आणि त्यावर मैलोगणती ऊस उभा राहतो. दिवाळी झाली की बीड-नगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येत, गावाबाहेर कोप्या उभ्या राहत, आणि आमच्या घरात आप्पा दिसेनासे होत. ते रात्री-बेरात्री येत. त्यांच्या अंगाला डिझेल, ग्रीस आणि चिरडलेल्या उसाचा आंबूस वास असे. आई पाणी तापवून ठेवी. आप्पा अंघोळ करत आणि ताटावर बसल्या बसल्या झोपत. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला कधीमधी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून शेतापासून गावापर्यंत आणत. तेव्हा ती मला सगळ्यात उंच जागा वाटायची. आज कुणाच्या लेकराला तिथं बसलेलं पाहिलं तर माझा जीव वर-खाली होतो. त्या मडगार्डला धरायला एक गज असतो आणि खाली माणसाएवढं चाक फिरत असतं.

त्या मडगार्डवर बसून मी जे शिकले ते कानानं शिकले. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की निघताना दोन आवाज येतात. आप्पा क्लच सोडत, ट्रॅक्टर वीतभर पुढे जाई आणि पहिल्या ट्रॉलीच्या दांड्यातली ढील संपली की पिनेत आवाज होई, खट. मग पहिली ट्रॉली हले, आणि तिच्या मागच्या हुकात दुसरीचा दांडा ताणला गेला की पुन्हा, लांबून, जरा जाडसर, खट. प्रत्येक वेळी गिअर बदलला की हेच. आप्पा पुढे बघून चालवत, पण त्यांचा कान मागेच असे. आमच्या ट्रॅक्टरवर टेप नव्हता. इतरांच्या ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर लागलेले, गाणी अर्ध्या मैलावरून ऐकू येत. मी हट्ट करायचे, आप्पा आपल्याला पण टेप लावू. ते म्हणायचे, "बाय, मागची ट्रॉली बोलती. तिचं ऐकायचं का गाणं ऐकायचं?"

दोन ट्रॉल्यांची गाडी म्हणजे एका ट्रॉलीच्या गाडीपेक्षा थोडी लांब गाडी, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. आप्पांना ते जनावरच वेगळं वाटायचं. वळणावर ट्रॅक्टरची चाकं जिथून जातात तिथून पहिली ट्रॉली जात नाही, ती आतून जाते. दुसरी त्याहून आतून. म्हणून ते डावीकडे वळताना आधी ट्रॅक्टर उजवीकडे घेत, इतका की पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस सरळच चाललाय. मग सावकाश वळत, आणि त्या वेळी त्यांचं तोंड पूर्ण मागे फिरलेलं असे. डबलला मागचा गिअर नसतो, असंही ते म्हणायचे. गिअर अर्थातच असतो. पण मागे घ्यायला गेलं की पहिली ट्रॉली एकीकडे दुमडते आणि दुसरी दुसरीकडे, शेवटी पिना काढून एकेक वेगळी करावी लागते. त्यामुळे जिथून पुढे निघता येणार नाही अशा बोळात, शेतात, पंपावर ते शिरतच नसत. आत जायच्या आधी उतरून पायी बघून येत. मला लहानपणी त्याचा कंटाळा यायचा.

हिसका बसला की काय होतं हे त्यांनी मला साखळीच्या खेळावरून सांगितलं होतं. आम्ही शाळेच्या मैदानावर साखळी खेळायचो. हात धरून आठ-दहा जणींची रांग धावायची, पुढची एकदम वळली की मधल्यांना फारसं काही कळत नसे, पण शेपटाला असलेली पोर भेलकांडत जाऊन धुळीत पडायची. मी नेहमी शेपटाला असायचे, कारण मी बारकी होते. गुडघे सोलून घरी आले की आप्पा विचारत, "पुढचीनं लई जोरात वळवलं काय?" आणि मग ट्रॅक्टरवर बसल्यावर स्टिअरिंग बोटभर हलवून दाखवत. आपण इथं एवढं केलं तर मागच्या ट्रॉलीला तिथं एवढं लागतं, असं म्हणत दोन्ही हात पसरत. कुत्रं आडवं आलं तरी स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता. तो नियम पाळताना त्यांच्या हातून एक कुत्रं मेलं होतं, आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते.

त्या संकष्टीच्या रात्री झोप येईना, म्हणून मी मोबाईलवर काहीबाही शोधत बसले. अमेरिकेत मोठ्या गाड्यांच्या लायसन्ससाठी एक पुस्तिका असते. दोन किंवा तीन ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी तीत एक अख्खं प्रकरण वेगळं आहे. साधं ट्रकचं लायसन्स तिथं पुरत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि लायसन्सवर टी या अक्षराची नोंद घ्यावी लागते. मी ते प्रकरण रात्री दीडपर्यंत वाचलं. चालकाच्या हातातला झटका मागे जाता जाता वाढत जातो, त्याला त्या पुस्तिकेत चाबकाच्या फटक्याची उपमा दिली आहे. तीन ट्रेलरांच्या गाडीतला शेवटचा ट्रेलर उलटण्याची शक्यता पाच एक्सलच्या साध्या ट्रेलरगाडीपेक्षा साडेतीन पट असते, असं लिहिलंय. मला साखळीतली शेवटची पोर दिसली. जड ट्रेलर पुढे, हलका मागे, हेही तिथं आहे. गाडीच्या लांबीच्या दर १० फुटांमागे १ सेकंद एवढं अंतर पुढच्या गाडीपासून ठेवा, ताशी ४० मैलांच्या वर गेलात तर आणखी १ सेकंद धरा. जिथून सरळ बाहेर पडता येणार नाही तिथं शिरू नका. वाचता वाचता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ही सगळी वाक्यं मला आधीच पाठ होती, फक्त आप्पांच्या आवाजात.

एका गोष्टीपाशी मात्र मी थांबले. तिथल्या चालकानं निघण्याआधी सगळ्यात मागच्या ट्रेलरपाशी चालत जायचं असतं. तिथं हवेच्या ब्रेकची शेवटची तोटी असते. ती उघडायची आणि हवा सुटल्याचा आवाज ऐकायचा. आवाज आला म्हणजे पुढून निघालेली हवा शेवटच्या चाकापर्यंत पोचतेय, आता तोटी बंद करून निघायला हरकत नाही. म्हणजे तिथंही शेवटी कानच. पण त्यांच्या शेवटच्या ट्रेलरला ब्रेक असतो. आप्पांच्या दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. एकीलाही नाही. दोन्हीतला ऊस मिळून वीसएक टन भरायचा, ओढणारा ट्रॅक्टर स्वतः जेमतेम सव्वादोन टनांचा, आणि सगळं ओझं थांबवायला त्याची फक्त मागची दोन चाकं. ट्रॅक्टरला ब्रेकचे पाय दोन असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, शेतात गर्रकन वळता यावं म्हणून. रस्त्यावर ते कडीनं एकत्र अडकवायचे असतात. नाहीतर घाईत पाय एकावरच पडतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो, मागून ट्रॉल्या त्याला ढकलत नेतात. ती कडी अडकवल्याशिवाय आप्पा डांबरीवर चढत नसत. आजही रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॉल्या मी बघते. बहुतेकींच्या चाकांपाशी ब्रेकचा मागमूस नसतो. २०२५ मध्ये नागपुरात दोन ट्रेलरांच्या रोड ट्रेनला झेंडा दाखवल्याची बातमी आली, आपल्याकडे हे नवीन काहीतरी सुरू होतंय असं त्यात होतं. मला वाटलं, आमच्या सोलापूर रस्त्यावर तर मी जन्मल्यापासून ही ट्रेन चालू आहे, आणि तिच्या चालकाला कुणी काही शिकवलेलं नाही.

उताराचं तर त्यांना भयच होतं. एकदा पुरंदरकडून ऊस घेऊन दिवे घाट उतरायचा होता. आप्पांनी वरच एक ट्रॉली सोडली, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, पोऱ्याला राखणीला बसवलं, पहिली ट्रॉली पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत खाली वडकीपर्यंत नेली आणि पुन्हा वर जाऊन दुसरी आणली. चार तास गेले. बरोबरचे दोघं डबल घेऊन उतरलेही होते आणि खाली चहा पीत बसले होते, त्यांनी आप्पांची थट्टा केली. आणि निघताना चाकाखालचे दगड आप्पांनी उचलून कडेच्या गटारात टाकले, हेही मला सांगितलेलं आठवतं. रस्त्यात तसेच टाकून दिलेले ते दगड मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात. आता नवले पुलाच्या उतारावर ट्रक-कंटेनरचा अपघात झाला की बातमीत ब्रेक फेल असं येतं. आप्पा पेपर खाली ठेवतात. "फेल न्हाय, तापून मेलं असल," म्हणतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापत जातात आणि मग धरतच नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर धरायचा असतो. मध्यावर पोचल्यावर तो पडत नाही.

आता ती रात्र सांगते. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

१९९३ सालचा हंगाम. मी अकरा वर्षांची होते. सोलापूर रस्ता तेव्हा दुपदरी होता आणि मध्ये दुभाजक नव्हता. पहाटेचे साडेचार. यवत सोडून भांडगावच्या अलीकडे चढावर आप्पांनी गिअर बदलला आणि आवाज एकच आला. त्यांनी मला पुढे कितीदा सांगितलं, पण प्रत्येक वेळी इथं येऊन ते थांबत. एकच खट. ट्रॅक्टर हलका झाल्यासारखा पुढे पळाला. ते ट्रॅक्टर कडेला घेऊन उडी मारून मागे धावत सुटले. पोऱ्यानं मोळीतलं वाळकं पाचट उपसून पेटवलं आणि तो ती मशाल घेऊन त्यांच्या मागे. दुसरी ट्रॉली दोनएकशे पावलांवर रस्त्याच्या मधोमध उभी होती, काळी, बिनदिव्याची, उसानं भरलेली. आप्पांना आधी ट्रॉली दिसली नाही. त्यांना रस्त्यावर पांढरं काहीतरी पसरत येताना दिसलं. ते दूध होतं. एक दूधवाला मोटारसायकलवरून, दोन्ही बाजूंना किटल्या लावून, पुण्याच्या गाडीला दूध पोचवायला निघाला होता.

तो वाचला. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला. आप्पांनी म्हैस विकली, त्या हंगामाची सगळी कमाई दिली, आणि पुढे तीन वर्षं दर रविवारी ते त्याच्या घरी जाऊन बसत. काय बोलत कुणास ठाऊक. आईनं एकदा विचारलं तर म्हणाले, "तो म्हशींचं सांगतो, मी ऐकतो." त्या माणसाला दोन मुलगे होते, माझ्याच वयाचे. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण शाळेत असताना कितीतरी दिवस मला वाटायचं, ते एक दिवस आमच्या वर्गात येतील आणि माझ्याकडे बघतील.

पिन का निसटली हे आप्पांनी मला फार उशिरा सांगितलं, माझं लग्न ठरल्यावर. ट्रॉलीची पिन वरून खाली घालतात आणि ती उसळून वर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या भोकात एक क्लिप अडकवतात. बोटाएवढी, स्प्रिंगची. ती क्लिप पंधरा दिवस आधी शेतातल्या चिखलात पडली होती. आप्पांनी बाइंडिंगची तार घेतली, तिला दोन पीळ दिले आणि काम भागवलं. केडगावच्या बाजारात ती क्लिप रुपया-दीड रुपयाला मिळत होती. बाजाराला जायला वेळ नव्हता, कारण खेपा चालू होत्या, आणि पैसे टनावर होते. उभ्या गाडीचे पैसे नसतात. टनावर मजुरी, टनावर वाहतूक, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर, टोळीला दिलेली उचल फिटायची असते, मग एका ट्रॉलीच्या दोन होतात, दोन्हींवर वरपर्यंत मोळ्या चढतात. हे सगळं खरं आहे. आणि तरीही तार आप्पांनीच गुंडाळली होती, स्वतःच्या हातानं, उकिडवं बसून, हेही खरं आहे. ते कधी टनाचं नाव पुढे करत नसत. मला मात्र टनाचा राग येतो. ज्या हिशोबात क्लिप आणायला जायचा एक तास बसत नाही, तो हिशोब कुणीतरी कधीतरी मांडलेला असतो ना?

त्यानंतरचे आप्पा म्हणजे मला आठवतात ते आप्पा. शर्टाच्या डाव्या खिशात चार-पाच क्लिपा कायम. चहाला थांबले तरी चहाच्या आधी गाडीभोवती पूर्ण फेरी, प्रत्येक पिनेपाशी वाकून, हात लावून. मुकादमाशी रोजचं भांडण, कारण टोळीला दोन्ही ट्रॉल्या सारख्या भरायच्या असत आणि आप्पा म्हणत मागची आधी थांबव, पुढची भर. हंगामाच्या सुरुवातीला पोलीस किंवा आरटीओवाले ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटो काढतात. दुसऱ्या आठवड्यात ते चिखलानं माखतात आणि मग असून नसून सारखेच. आप्पा रोज संध्याकाळी दिवेलागणीला खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसत. आई घरात देवापाशी दिवा लावायची तीच वेळ.

हल्लीच्या पोरांच्या ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा दणदणाट ऐकून माझ्या कॉलनीतले लोक चिडतात. मलाही आवडत नाही. त्या आवाजात मागचं काही ऐकू येणं शक्यच नाही, त्याची मला भीती वाटते. पण मला हेही माहीत आहे की कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत दहा-बारा तास जातात. तो पोरगा स्टिअरिंगवर डोकं ठेवून तासाभराची झोप काढतो आणि परत रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडात जातो. गाणं बंद केलं तर त्याचा डोळा लागेल. कान की डोळे, यातलं एक निवडायची वेळ कुणावर येऊ नये.

आप्पा आता ७९ वर्षांचे आहेत आणि फुरसुंगीत आमच्याकडेच असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या ते डोळ्यांपेक्षा कानांनीच ओळखतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फाट्यावरचं सगळं सांगितलं. मुलगी काय बोलली तेही सांगितलं. त्यांनी मुलीबद्दल काही विचारलं नाही.

"पोराचं तोंड कुठं हुतं?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर कळेना. मग कळलं, ट्रॅक्टरवाल्याचं. मी डोळे मिटून आठवलं आणि मला ते दिसलं. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, डोक्याला मफलर, एक हात स्टिअरिंगवर, आणि तोंड पूर्ण मागे. दुसरा हात त्यानं उंच केला होता, पंजा आमच्याकडे करून. तो थांबा म्हणत होता. मला तेव्हा वाटलं होतं की हा पोरगा रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारखा हात दाखवतोय. मनातल्या मनात मी त्याला एक शिवीही घातली होती, आणि पुढच्याच क्षणी माझ्या हातानं स्कूटी धरली होती. तो आणि मी दोघंही त्या मुलीला एकच गोष्ट सांगत होतो, आणि दोघांनाही ती तोंडानं सांगता आली नाही.

"मागं बघत हुता," मी म्हणाले.

आप्पांनी मान हलवली. बराच वेळ गॅलरीच्या गजावर बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "आवाज किती आले?"

मी गप्प बसले. त्या फाट्यावर बस होत्या, हॉर्न होते, मुलगी ओरडत होती. मी आवाज मोजले नव्हते. ज्या माणसानं मला मोजायला शिकवलं त्याच्यासमोर मला ते सांगवेना. "गर्दी होती आप्पा," एवढंच म्हणाले. ते काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी पेटीतून एक जुनी क्लिप काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर गंजाचे ठिपके आहेत, पण स्प्रिंग अजून कडक आहे. ती मी पर्समध्ये ठेवली. कुणाला द्यायची, कशी द्यायची, मला ठाऊक नाही.

माघातल्या संकष्टीला पुन्हा थेऊरला गेले. परतताना त्याच कोपऱ्यावर, साधारण त्याच वेळेला उभी राहिले. तीन बस सोडल्या. शेजारी एक बाई लहान मुलाला घेऊन उभी होती. डबल आली. गर्दीमुळे ती वळणाच्या तोंडाशीच थांबली, पहिली ट्रॉली आमच्या पुढ्यात. उसाच्या कापलेल्या टोकांचा ओला गोड वास आला. मी वाकून हुकाकडे पाहिलं, पण अंधार पडला होता आणि पाचटाखाली पिन दिसत नव्हती. बाईनं मुलाचा हात धरून एक पाऊल पुढे टाकलं.

"थांबा ताई," मी म्हणाले. "मागं अजून एक आहे."

ती थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं क्लच सोडला. इंजिन जोरात घुमलं, दोन्ही मोठी चाकं जागेवर दबल्यासारखी झाली आणि पहिल्या दांड्यात आवाज झाला. खट. मी श्वास धरून उभी राहिले. पहिली ट्रॉली हलली, हातभर पुढे गेली, आणखी हातभर.

मग मागून, अंधारातून, दुसरा.